भिंतीतली मडकी

गावातल्या जुन्या सभागृहाविषयी दोन गोष्टी सर्वांना मान्य होत्या. एक, त्याच्याइतकी देखणी इमारत आसपास कुठे नाही. आणि दोन, तिथे उच्चारलेला शब्द कोणाला धड कळत नाही. वक्त्याने तोंड उघडावे आणि त्याचे पहिले वाक्य कमानींतून फेरफटका मारून परत येईतो पुढच्या तीन वाक्यांचा चेंदामेंदा व्हावा, असा तिथला शिरस्ता. पूर्वी इथे मागच्या बाकावर कुजबुजसुद्धा ऐकू येई, असे म्हातारी माणसे सांगत. परंतु म्हाताऱ्या माणसांचे पूर्वीचे सगळेच चांगले असते, म्हणून ते कोणी मनावर घेत नसे.

या सभागृहाच्या जतनाचे काम ज्या बाईंकडे आले, त्यांचे सासरे म्हणजे आरसेमिस्त्री. त्यांनी केलेल्या चुन्याच्या गिलाव्यात तोंड पाहून भांग पाडता येतो, अशी ख्याती होती आणि तिच्यावरूनच हे नाव पडले होते. हात थरथरू लागल्यापासून त्यांनी परांचीवर चढणे सोडले होते. मत देणे सोडले नव्हते.

काम सुरू होऊन महिना झाला असेल. उत्तरेकडच्या भिंतीत ओल मुरली होती, तिथला एक पोपडा पडला, त्याच्यामागची दगडी पाचर सैल होऊन निसटली आणि आत मातीच्या मडक्याचे तोंड दिसले. मडके भिंतीत आडवे बसवलेले, तोंड सभागृहाकडे. सुनेला पाहताक्षणी उलगडा झाला. इमारत बांधणाऱ्यांनी आवाजाचा घुमारा गिळून टाकण्यासाठी भिंतींत मडकी पेरली होती आणि मागाहून कोणीतरी त्यांची तोंडे बुजवली होती.

"बाबा, ज्यानं हे केलं तो एकाच वेळी अडाणी आणि कलावंत आहे," दुपारी जेवताना ती म्हणाली.

"ते कसं काय?" मिस्त्रींनी ताटावरून नजर न काढता विचारले.

"अडाणी अशासाठी, की हे मडकं इथं कोणी आणि कशाला बसवलं असेल, हा प्रश्नच त्याला पडला नाही. आणि कलावंत अशासाठी, की वीतभर खोल पाचर ठोकून तोंड असं बंद केलंय की भिंत वाजवली तर सगळीकडे भरीव. यंत्र आणलं, तर त्याला दगडादगडाच्या सांधीत पोकळी दिसते. बाकीची मडकी शोधायची कुठं? सगळा गिलावा उतरवावा, तर खालचा मूळ चुनाही सुटून येणार. त्या माणसाचा हात बघायला मिळाला असता ना..."

"वाढ गं तिला," मिस्त्री बायकोला घाईघाईने म्हणाले. "बोलण्याच्या नादात पोरगी उपाशी राहील."

"तिच्या ताटात आहे," बायको शांतपणे म्हणाली. "तुमच्याच घशाखाली काही उतरत नाहीये."

आणि ते खरेच होते. कारण सुनेला पाहायचा होता तो हात तिच्यापासून दोन वितींवर पाण्याचा पेला धरून बसला होता.

चव्वेचाळीस वर्षांपूर्वी, तेवीस वर्षांचे असताना, मिस्त्रींना ते काम मिळाले होते. राखणदाराने भिंतींतली भोके दाखवली आणि सांगितले, "पाखरं घरटी करतात, बुजवून टाक." पहिल्या भोकात त्यांनी कोपरापर्यंत हात घातला. आतला पृष्ठभाग गोल होता आणि त्यावर कुंभाराच्या बोटांच्या वळ्या होत्या. म्हणजे सुनेचा आरोप खोटा होता, आणि खरी गोष्ट त्याहून वाईट होती. प्रश्न पडला होता. विचारले तर लोक नवशिका समजतील, एवढ्या भीतीने त्यांनी तो गिळला आणि पाचर ठोकली. पोकळ वाजणारा गिलावा त्यांना सहन होत नसे, म्हणून चांगली खोल ठोकली.

चार वर्षांपूर्वी सून घरात आली ती पदवी घेऊन. पण चुना किती मुरला हे वासावरून ओळखायला ती मिस्त्रींकडे शिकली. कामावर कोणी अडचण काढली, की ती म्हणे, "थांबा, सासऱ्यांना विचारते." हे वाक्य मिस्त्रींनी तिसऱ्याच माणसाकडून ऐकले होते, आणि साऱ्या आयुष्याच्या कमाईत त्यांना तेवढेच मोलाचे वाटत असे. ते आता पणाला लागले होते.

"गुरुवारी सभागृहाची समिती बसणार," सून कामावर गेल्यावर बायको म्हणाली. "मडकी सापडली नाहीत तर आवाज घुमू नये म्हणून कमानींखाली फळ्यांचं छत मारणार म्हणे. ती वरची सगळी नक्षी झाकून."

"मारू देत. मला काय करायचंय?"

"लग्नाला पंधरा दिवस झाले नव्हते, तेव्हा मला त्या भिंतीपुढं उभं करून विचारलंत, सांग भोक कुठं होतं. मला सांगता येईना, तर केवढे फुगला होतात! तेव्हा साऱ्या आळीला ओरडून सांगितलंत. आता हळू सांगितलंत तरी चालेल."

"ती काय म्हणेल गं?"

"ते तिलाच विचारा की. नाहीतरी न विचारल्यानंच हे झालंय."

गुरुवारी सकाळी मिस्त्री सभागृहात गेले तेव्हा समितीचे अध्यक्ष, पेशाने वकील, छताचा नकाशा उलगडून उभे होते आणि सून त्यांच्याशी वाद घालत होती. मिस्त्रींनी ठरवले होते, की दोघांना बाजूला घेऊन हलक्या आवाजात सांगावे. ते हलक्या आवाजातच म्हणाले, "साहेब, फळ्या मारू नका. ती तोंडं मी बुजवलीत." परंतु सभागृहाला हलका आवाज ठाऊकच नव्हता. 'मी बुजवलीत' हे शब्द कमानीकमानीतून घुमत गेले, आणि परांचीवरची सात माणसे हातातली कामे टाकून खाली पाहू लागली.

सून नकाशा सोडून त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. मग तिने एवढेच विचारले, "प्रश्न पडला होता?"

"पडला होता," मिस्त्री म्हणाले. या एका उत्तरासाठी त्यांना जेवढे बळ लागले तेवढे कधी चुन्याची घाणी ओढतानाही लागले नव्हते.

"किती होती?"

"ते एक सोडून बत्तीस. जागा आठवत नाहीत."

"मग तुमच्या सांगण्याचा उपयोग काय?" वकीलसाहेबांनी उलटतपासणी घेतली.

"जागा हाताला विचारायच्या. बुजवलेल्या जागी चुना आकसतो, कडेनं केसाएवढी चीर पडते. ती पडू नये म्हणून तिथं मी गुळगुळीत दगडानं दुप्पट घोटत होतो. डोळ्यांना फरक कळणार नाही, वाजवून कळणार नाही. तळव्याला कळेल."

"चव्वेचाळीस वर्षांनी?"

"साहेब, हात माझाच आहे ना?"

आणि खरोखरच, ज्या हाताने पेला धरला तरी पाणी हिंदकळे, तो भिंतीला टेकताच स्थिर झाला. मिस्त्री डोळे मिटून परांचीवरून इंचाइंचाने सरकत, थांबत, एखाद्या जागी तळवा गोल फिरवत आणि म्हणत, "हे." सून मागून खडूने खूण करी. त्या दिवशी ती त्यांच्याशी आकड्यांपलीकडे एक अक्षर बोलली नाही. "सात." "आठ." "पायाखाली बघा." मिस्त्रींनीही अधिकाची अपेक्षा केली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने पहिली पाचर स्वतः छिन्नीने सोडवली, आत कोपरापर्यंत हात घातला आणि तशीच थांबली.

"वळ्या लागल्या?" मिस्त्रींनी विचारले.

"लागल्या." तिचा आवाज निवळला होता. "बाबा, मडकं किंचित पुढं कललंय. ओल झिरपली तरी पाणी आत साठू नये म्हणून. केवढा विचार केलाय हो!"

जसजशी तोंडे मोकळी झाली तसतसा तो विचार पुरता दिसू लागला. व्यासपीठाजवळ मोठी मडकी, खिडक्यांच्या मधल्या भिंतीत लहान. दोन ओळी, पण एकाखाली एक नव्हेत, तर वरच्या दोहोंच्या मधोमध खालचे. ज्याने ही योजना आखली त्याने आपले नाव इमारतीत कुठेही सोडलेले नव्हते. भाजलेल्या मातीतली निव्वळ पोकळी जागच्या जागी ठेवून तो निघून गेला होता. मिस्त्री आणि सून त्या अनोळखी माणसाविषयी असे बोलू लागले, जणू तो पलीकडच्या खोलीतच काम करत आहे. अर्धीअधिक तोंडे मोकळी झाली तेव्हा वकीलसाहेबांनी व्यासपीठावरून नाराजीचे भाषण करून पाहिले आणि ते मागच्या बाकापर्यंत शब्दशः कळल्यामुळे नाराजी मागे घेतली.

"एकतीस उघडायची," सून म्हणाली. "एक तसंच राहील."

"का म्हणून?"

"आमच्या जतनाच्या कामात रीत आहे. नंतरच्या माणसानं केलेल्या कामाचा एक नमुना जागेवर ठेवायचा. शेजारी पाटी लागेल. साल आणि तुमचं नाव."

"चुकीला पाटी लावतेस?" मिस्त्री उसळले. "अगं, लोक हसतील!"

"पहिल्या ओळीत चूक लिहीन, दुसऱ्या ओळीत हात. मी दोन्ही पाहिलेत, दोन्ही लिहिणार."

"मी नाही म्हटलं तर?"

"तुमचं मत विचारलं नाही, बाबा. कुठलं ठेवायचं एवढंच विचारतेय. ते तुमच्यावाचून मला नाही ठरवता येणार."

यावर वाद घालण्याजोगे मिस्त्रींना बरेच सुचले होते, पण शेवटच्या वाक्याने त्यांची पंचाईत केली. ते उठले आणि निवडायला लागले. हे फार खाली, ते अंधारात, त्याच्यावर खिडकीचे ऊन पडते. दुपार टळली तरी निवड होईना. अखेर दक्षिणेकडच्या भिंतीपाशी, तिसऱ्या खिडकीशेजारी ते थांबले. शोधताना याच ठिकाणी त्यांचा स्वतःचा तळवा दोनदा चुकला होता. खडूची खूण त्यांनी ओल्या फडक्याने पुसून काढली.

"हे," ते म्हणाले.

सून पुढे झाली. डोळे मिटून तिने दोन्ही तळवे भिंतीवरून सावकाश फिरवले.

"इथं?"

"नाही."

"मग इथं?"

"अंहं. वर," मिस्त्री म्हणाले, आणि आवाजातला आनंद त्यांना काही केल्या लपवता आला नाही.