शारीरिक शिक्षा

नीळकंठ सरांच्या खोलीवर लाल अक्षरांत पाटी होती : शारीरिक शिक्षा कक्ष. पाटी रंगवणारा रामलाल पेंटर मूळचा बैतूलकडचा. त्याच्या हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. आपल्या मराठीत शिक्षा म्हणजे काय, ते ज्याच्या हातावर छडी बसली आहे त्याला विचारा. शाळेत मराठीचे दोन शिक्षक, दोघेही एम.ए., पण पाटी दुरुस्त करावी असं एकालाही वाटलं नाही. कसं वाटेल? त्या खोलीत जे चालायचं तेच तर पाटीवर लिहिलं होतं.

पांढरकवड्याचा हायवे सोडून आत वळलं की ही शाळा लागते. मैदान चांगलं ऐसपैस, कडेनं बाभळी. पण मैदानावर यायचं कोण? ज्याचं गणित चुकलं तो, इंग्रजीच्या तासाला ज्यानं जांभई दिली तो, नाहीतर ज्यानं मधल्या सुट्टीआधी डबा उघडला तो. "जा नीळकंठ सरांकडे, पाच चकरा मार!" हुशार पोरं बिचारी वर्गात बसून. नववीतला पहिला नंबर जिना चढताना धापा टाकायचा आणि बाया कौतुकानं म्हणायच्या, "पाहा बाई, पोरगं किती अभ्यास करून राह्यलं!" पळता येणं ही तिथं मठ्ठपणाची खूण होती. सर अमरावतीहून पदवी घेऊन आले होते ते खेळाडू घडवायला. शाळेनं त्यांना जेलर केलं, आणि खरं सांगायचं तर हळूहळू त्यांनाही ते अंगवळणी पडलं. बसल्याजागी शिट्टी फुंकायची, पोरगं घामाघूम झालं की परत पाठवायचं. पोटही सुटलं.

मग नववीत खुशी आली. ही पोट्टी रोज शिक्षेला हजर. आज गृहपाठ नाही, उद्या वर्गात बोरं खाल्ली, परवा बाकावर उभं राहून कुंदा मॅडमची नक्कल केली. कुंदा मॅडम म्हणजे मुख्याध्यापिका. त्यांची नक्कल करायला वाघाचं काळीज लागतं. ही मात्र ओढणी कमरेला बांधायची, चपला बाभळीखाली काढायची आणि सुटायची. पाच चकरा सांगितल्या तर आठ मारायची.

"अवं, पाचच सांगितल्या होत्या!" सर ओरडायचे.

"मोजणीत चुकली सर," ती न थांबताच सांगायची.

एकदा सर गणिताच्या मास्तरांना भेटायला वर्गात गेले, तेव्हा तिला सतराचा पाढा विचारला जात होता. पोट्टी घडाघडा म्हणत आली आणि सतरा साते एकशे अठरा म्हणून थांबली. एकानं चुकली! पुढचं पुन्हा सगळं बरोबर. मास्तरांनी दार दाखवलं, आणि ही हसत बाहेर. सरांच्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. इतकी बेताची चूक करायला पाढा चांगलाच पाठ लागतो.

त्यांनी तिला मैदानावर गाठलं. "शर्यतीत नाव काहून देत नाही तू?"

"आबाजी नाही म्हणते. पोरीच्या जातीनं लोकायसमोर पळू नये म्हणते."

"अन् ह्या रोजच्या चकरा?"

"हे त शिक्षा होय ना सर! चुकलं त भोगाच लागते, असं आबाजीच म्हणते."

आबाजी म्हणजे तिचे आजोबा, सदाशिवराव. कापूस-तुरीची भरपूर शेती, आणि घरात त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. नात शर्यतीत पळाली तर खानदानाचं नाक कापलं जाणार. तीच नात नालायकपणा करून तितकीच पळाली तर नाक शाबूत. धन्य ते नाक! सरांना त्या दिवशी हसू आलं आणि मग फार वाईट वाटलं. पळायला मिळावं म्हणून एक लेकरू रोज काहीतरी वाईट करून येतं, आणि त्या लेकराचे क्रीडाशिक्षक आपण. त्या दिवसापासून ते खुर्चीतून उठले. श्वास कसा घ्यायचा, वळणावर अंग कसं झुकवायचं, सगळं तिला शिकवू लागले. लांबून पाहणाऱ्याला वाटायचं, सर पोरीला बोलून राह्यले.

पण सुख पाहवतं का कोणाला? वरच्या कार्यालयातून आदेश आला : ‘आनंददायी तंदुरुस्ती पंधरवडा’. मुलं हालत नाहीत, बाळसं धरण्याऐवजी चरबी धरतात, तरी त्यांना आनंदानं हालवावं. पळणं हा आनंद आहे, म्हणून पळण्याची शिक्षा कोणी देऊ नये. स्पर्धेला नेताना पालकांची संमती घ्यावी. आणि रोज फोटो पाठवावेत. कुंदा मॅडम आदेशाच्या पक्क्या. चकरा त्याच दिवशी बंद. मैदानाच्या मधोमध फ्लेक्स लागला, ‘चला, हालूया!’, आणि फ्लेक्सला धक्का लागू नये म्हणून मैदानावर जायला बंदी झाली. फोटोपुरती पोरं एक पाय उचलून उभी राहायची. "हालू नका रे, फोटो हालतो!" मॅडम ओरडायच्या. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, दुसरं काय!

खुशीनं आधी नेटानं प्रयत्न केले. फळ्यावर म्हैस काढली, खाली मॅडमचं नाव लिहिलं. पण आता शिक्षेच्या जागी समुपदेशन आलं होतं. मॅडम तिला समोर बसवायच्या आणि गोड आवाजात विचारायच्या, "बाळ, तुला घरी काही त्रास आहे का?" जेवढी चूक मोठी, तेवढं समुपदेशन लांब. दोन-चार दिवसांत पोट्टीनं हात टेकले. गृहपाठ पूर्ण, पाढे बरोबर, तोंडातून शब्द नाही. सगळे शिक्षक म्हणाले, बघा, सुधारली! सरांना तिच्याकडे बघवेना. तालुक्याच्या शर्यती तोंडावर आल्या होत्या आणि सदाशिवरावांकडे संमती मागायला जायची त्यांची छाती होत नव्हती.

एक दिवस सदाशिवरावच शाळेत आले. खांद्यावर दुपट्टा, हातात काठी. पाटीसमोर उभे राहून त्यांनी ती मोठ्यानं वाचली आणि आत येऊन काठी आपटली.

"काय हो मास्तर, पाटीवर लिहून ठेवलं शारीरिक शिक्षा. मग देत काहून नाही?"

सर दचकून उभे राहिले. "म्हणजे जी?"

"आमच्या पोट्टीची शिक्षा बंद केली म्हणे तुम्ही. धड जेवत नाही, बोलत नाही, भिंतीकडं तोंड करून पडून राह्यते. पह्यले कशी घामाघूम होऊन ये, चार भाकरी खाय, घरभर दंगा करे. शिक्षा पाह्यजे पोरीले! लाड मले नाही चालत."

म्हाताऱ्यानं हे सगळं छताकडे बघत सांगितलं. सरांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि त्यांना धीर आला.

"शाळेत बंदी आहे आता, सदाशिवराव. पण बाहेर नेऊन देता येते. पांढरकवड्याले."

"तिथं काय आहे?"

"तालुक्याच्या सगळ्या शाळांच्या पोरी तिथं आणते. सगळ्यायले एकदमच पळवते."

"सगळ्याच चुकार असतीन," सदाशिवराव गंभीरपणे म्हणाले. "किती पळवते?"

"पंधराशे मीटर."

"हे त कमीच होते. मोठी शिक्षा नाही का काही?"

"हे झाल्यावर तीन हजार आहे जी."

"मग दोन्ही द्या." ते उठले, दारापर्यंत गेले आणि तिथूनच, पाठमोऱ्यानं विचारलं, "शिक्षेले बूट लागते का?"

"लागते. काटा गेला त शिक्षा अर्धवट राह्यते."

"मग घेऊन देतो. अर्धवट काम मले आवडत नाही."

ते गेल्यावर सर खोलीत एकटेच हसत बसले. म्हाताऱ्याला सगळं ठाऊक होतं. नात पळावी हे त्यालाही हवं होतं. फक्त गावानं विचारलं तर सांगायला एक सोज्वळ कारण हवं होतं.

शर्यतीच्या दिवशी धावजीच्या ऑटोतून तिघं पांढरकवड्याला पोचले. धावजी म्हणजे गावचं वर्तमानपत्र. त्याच्या ऑटोत बसलेल्या माणसाची बातमी संध्याकाळपर्यंत प्रत्येक ओट्यावर जाते, तीही मसाला लावून. "शिक्षा बराबर होते का नाही, पाह्यतो," असं म्हणून सदाशिवराव मैदानाच्या कडेला लिंबाखाली उभे राहिले.

पंधराशेची शर्यत सुटली. खुशी आधी मागेच राहिली. सदाशिवराव पुटपुटले, "हळू माय, पोटात दुखल." मग तिनं एकेक पोर मागे टाकायला सुरुवात केली आणि म्हाताऱ्याच्या हातातली काठी पडली. दुपट्टा हातात घेऊन ते दोरीच्या आत शिरले. "पळ! पळ माय! हाण!" पंचांनी दोनदा बाहेर काढलं, दोनदा आत आले. खुशी पहिली आली. मधे चांगलं दहा पावलांचं अंतर ठेवून आली.

गळ्यात पदक घालून ती आली तेव्हा सदाशिवरावांनी काठी उचलली, घसा खाकरला आणि पुन्हा कडक चेहरा लावला. "जिंकली त सुटली ना मास्तर?"

"नाही जी. हरली असती त सुटली असती. जिंकली की शिक्षा वाढते. आता तीन हजार, मग जिल्ह्याले यवतमाळ."

"मोठीच भानगड आहे," ते म्हणाले, पण मिशा हसून राह्यल्या होत्या.

तेवढ्यात धावजी आला. त्याचे डोळे चमकत होते. "काय सदाशिवराव! पोरगी एवढ्या लोकायसमोर पळवली तुम्ही? कायले?"

म्हाताऱ्याच्या मिशा खाली आल्या. "अरे, शाळेची शिक्षा होय ते. पोट्टीनं काहीतरी चूक केली..."

"काय चूक केली मी?"

खुशी विचारत होती. धाप अजून बसली नव्हती, नव्या बुटानं टाच सोलली होती. "सांगा ना आबाजी. इतक्या दिवसापासून पाढा बराबर म्हणून राह्यली, कोणाले उलटून नाही बोलली. सगळ्याच्या पुढं पळाली. तरी शिक्षाच म्हणता?" आणि ती रडायला लागली.

सरांच्या जिभेवर तयार खोटं होतं. फळ्यावरची म्हैस होतीच. त्यांनी ते गिळलं. सदाशिवराव बराच वेळ नातीकडे बघत राहिले, एखादी चूक सापडते का ते शोधत. सापडली नाही.

"काही चूक नाही केली तिनं," ते धावजीला म्हणाले.

"मग?"

"मग काय मग? तिले पळाचं होतं, पळाली. पह्यली आली." त्यांनी दुपट्ट्यानं आधी खुशीचे डोळे पुसले, मग स्वतःचे. धावजी तोंड उघडं टाकून बघत होता. सदाशिवराव त्याच्यावर काठी रोखून म्हणाले, "गावात जाऊन असंच सांगजो. बरोब्बर असंच. मधात शिक्षा-बिक्षा घालू नोको."