मनगटावरचा हात

शिलाईच्या कारखान्यात त्या दिवशी एकही मशीन चालत नव्हतं, तरी आत मुंगी शिरायला जागा नव्हती. कापड कापायच्या लांब टेबलावर सगळ्या कारागिरांच्या कात्र्या गोलात मांडल्या होत्या, पाती आत, मुठी बाहेर. प्रत्येक मुठीला वेगळ्या रंगाची पट्टी गुंडाळलेली. या धंद्यात माणूस एक वेळ आपला डबा दुसऱ्याला देईल, पण कात्री देणार नाही. अदलाबदल होऊ नये म्हणून ही पट्ट्यांची पद्धत. पट्ट्या माझ्याच दुकानातल्या. सुया, दोरे, चेन, अस्तर विकणारं माझं दुकान बरोबर समोर आहे, आणि गिऱ्हाईक नसलं की मी माणसं मापत बसतो.

गोलाच्या मधोमध, चोर ओळखून देणाऱ्या साक्षीबुवांचा हात होता. हातात रेशमी दोरा, दोऱ्याला अंगठी.

"श्वास जपून घ्या!" बुवा म्हणाले. "धातूला सगळं आठवतं. चोराच्या हाताची ऊब त्याच्या कात्रीत उतरलेली असते. अंगठी ती ऊब हुंगते. बाई, हरवलंय तुमचं. हात माझ्या मनगटावर ठेवा. तुमचं दुःख माझ्यातून वाहू द्या."

मालकीणबाईंनी दुःख वाहायला हात ठेवला. एका बड्या गिऱ्हाइकानं नव्या कोटाला लावायला आजोबांची चांदीची बटणं आणून दिली होती, ती डबीसकट गेली होती.

अंगठी निळ्या पट्टीवरून गेली, ढिम्म. हिरवीवरून गेली, ढिम्म. पिवळीपाशी आली आणि झोपाळ्यासारखी झुलू लागली. गर्दीतून असा उसासा निघाला की दारावरचा पडदा हलला.

पिवळी पट्टी म्हणजे वहिनी. सगळी गल्ली तिला वहिनीच म्हणते. तिच्यासारखी कटाई त्या कारखान्यात कोणाची नाही.

"मी नाही हो घेतली," वहिनी म्हणाली.

"साक्ष बोलली. आता तू कशाला बोलतेस?" मालकीणबाईंनी तिची कात्री ओढून घेतली. "बटणं आण, कात्री ने."

बुवा दक्षिणेचं पाकीट खिशात घालून निघाले. जाताना वहिनीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

त्यानंतर दुसऱ्या कुठल्याही कारखान्यानं वहिनीला दारात उभं केलं नाही. ती कपडेही घरातच वाळत घालू लागली, कारण गॅलरीत आली की शेजारणी बोलणं थांबवायच्या. हात कोणाला लावला नाही, शिवी कोणी दिली नाही, आणि जितंजागतं माणूस पुसून टाकलं. फार स्वच्छ काम.

मग आली तिची नणंद. शाळेत विज्ञान शिकवते, गल्लीत तिला ताई म्हणतात. वहिनीशी तिचं कधीच पटलेलं नाही. वहिनीच्या स्वयंपाकापासून चालण्यापर्यंत तिनं नावं न ठेवलेली एकही गोष्ट नाही. ती दुकानात शिरली तीच फणफणत.

"काका, आमच्या वहिनीला नावं ठेवायचा मक्ता माझा आहे. तो मी कुठल्या दोरेवाल्या बुवाला दिलेला नाही. तुम्ही होतात ना तिथे? बुवानं काय काय मागितलं?"

"शांतता मागितली. आणि मालकीणबाईंचा हात."

"हात? कशाला?"

"दुःख वाहायला."

"दुःख मनगटातून वाहतं होय? आमच्या पुस्तकात अजून आलेलं नाही." तिनं पिशवी गल्ल्यावर ठेवली. "आणि बाईंचा संशय आधीपासून कोणावर होता?"

हे मला विचारायची गरज नव्हती, गल्लीत कोणीही सांगितलं असतं. गिऱ्हाइकं कारखान्याच्या दारातूनच विचारायची, "वहिनी आहे का?" तो प्रश्न मालकीणबाईंना अस्तरात राहिलेल्या टाचणीसारखा टोचायचा.

ताईनं माझ्याच गल्ल्यावरचं एक बटण दोऱ्याला बांधून माझ्या हातात दिलं. "हात अगदी स्थिर धरा. मनात फक्त म्हणा, डावीकडे, उजवीकडे."

मी हात दगडासारखा धरला. बटण हलू लागलं. डावीकडे, उजवीकडे.

"कोणी हलवलं?"

"मी नाही! शपथेवर!"

"तुम्हीच. फक्त तुम्हाला कळलं नाही. मनात जे असतं ते बोटांत उतरतं. दोरा लांब असतो, म्हणून राईएवढी हालचाल खाली हातभर दिसते. आता काका, तुमच्या मनगटावर मी हात ठेवला आणि मला हव्या त्या जागी माझी बोटं आवळली, तर?"

मी बटण खाली ठेवलं. ताई हसत होती, पण त्या हसण्यात माया अजिबात नव्हती. "याला नुसतं पकडायचं नाही, काका," ती म्हणाली. "याला फिरवायचंय."

ती तडक कारखान्यात गेली. बुवा योगायोगानं तिथेच चहा पीत होते. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "पुन्हा एकदा साक्ष काढा. वहिनीवर आली तर बटणांची भरपाई मी करते आणि वहिनीला घेऊन गल्ली सोडते. चुकली तर मी नेईन तिथे बुवांनी यायचं आणि मी सांगेन ते बोलायचं."

"साक्ष चुकत नाही, मुली," बुवा म्हणाले.

"मग घाबरताय कशाला?"

"घाबरतंय कोण? ठरलं!"

ठरलेल्या दिवशी कारागीर लवकर आले आणि मालकीणबाई, नवे कपडे घालायचे असल्यानं, उशिरा आल्या. गर्दी पहिल्यापेक्षा दुप्पट. वहिनी मात्र घराबाहेर पडायला तयार झाली नाही. कात्र्या तशाच गोलात, पट्ट्या तशाच मुठींवर, जप्त केलेली पिवळीही त्यांत. बुवांनी दोरा सोडला, मालकीणबाईंनी मनगटावर हात ठेवला. मी या वेळी अंगठीकडे पाहिलंच नाही, फक्त बाईंच्या बोटांकडे पाहिलं. निळीवर सैल, हिरवीवर सैल. पिवळी जवळ आली आणि बोटांची पेरं पांढरी पडली.

अंगठी झुलली. अशी झुलली की पहिल्या वेळी ती लाजत होती असं वाटावं.

"घ्या!" मालकीणबाई ओरडल्या. "अजून काय पाहिजे?"

"काही नाही," ताई म्हणाली. "तेवढी पिवळी पट्टी सोडा."

बाईंनी पट्टी सोडली. आतल्या मुठीवर नक्षीदार अक्षरांत त्यांचंच नाव कोरलेलं होतं. ती त्यांची स्वतःची कात्री. धार अजून कोरी, कारण तिनं आजवर उद्घाटनाची फीत सोडून काही कापलेलं नाही.

सकाळी कारागिरांनी सगळ्या पट्ट्या बदलल्या होत्या. आज वहिनी, उद्या आपण, एवढा हिशेब त्यांना येत होता. वहिनीची खरी कात्री हिरव्या पट्टीत निवांत पडली होती. अंगठी तिच्यावरून गेली तेव्हा तिला कसलीच ऊब लागली नव्हती.

"तर बुवा," ताई म्हणाली, "बटणं मालकीणबाईंनीच घेतली म्हणायची का?"

"पट्टीमुळे धातू झाकला गेला. साक्ष गोंधळली."

"मागच्या खेपेलाही झाकलेलाच होता. बरं, सगळ्या पट्ट्या काढू. बाईंना बाहेर उभं करू. आता शोधा वहिनीची कात्री."

बुवांच्या कपाळावर घाम आला. अंगठी बराच वेळ भटकली आणि अखेर म्हाताऱ्या मास्तरांच्या कात्रीवर टेकली. मास्तर कडाडले, "अहो, बटणं गेली तेव्हा मी इस्पितळात होतो! पोट फाडलं होतं माझं!"

हशा इतका मोठा झाला की बाहेरच्या मालकीणबाई काय झालं म्हणून धावत आत आल्या. "म्हणजे मी खोटं बोलले म्हणता?"

"नाही," ताई म्हणाली. "खोटं बोलला असतात तर बरं होतं, निदान तुम्हाला ते माहीत असतं. तुम्हाला वहिनीच चोर हवी होती. ते तुमच्या बोटांनी सांगितलं, यांच्या मनगटानं ऐकलं, आणि यांनी तुमचंच मन तुम्हाला साक्ष म्हणून विकलं. यापलीकडे या विद्येत काही नाही."

तेवढ्यात मागून इस्त्रीवाला पुढे आला. "मलाही यानंच चोर ठरवलं होतं. साड्या घेतल्या म्हणून." एक आया म्हणाली, तिच्यावर साखळीचा आळ होता.  बुवा दाराकडे सरकले, पण दारात कारागीर उभे होते.

कोणीतरी म्हणालं, "जाऊ द्या ताई, माफ करून टाका."

"माफीचं शेवटच्या दारावर बघू," ताई म्हणाली. "आधी दारं."

आणि भर दुपारी वरात निघाली. पुढे बुवा, मागे ताई, तिच्या मागे अख्खी गल्ली. ज्यांना ज्यांना चोर ठरवलं त्या प्रत्येकाच्या दारात उभं राहून, शेजाऱ्यांना बोलावून, बुवांनी एकच वाक्य म्हणायचं: "मला काही कळत नव्हतं." इस्त्रीवाल्याच्या दारात ते पुटपुटले. आयेच्या दारात त्यांचा घसा बसला. कोणी त्यांना पाणी विचारलं नाही. मीही दुकान बंद करून सगळी दारं पाहिली, आणि एकाही दारात मला त्यांची दया आली नाही. मालकीणबाईंनाही ताईनं सोबत घेतलं होतं. त्यांना काही बोलायचं नव्हतं, फक्त प्रत्येक दारात दिसायचं होतं.

शेवटचं दार वहिनीचं. तिनं दार उघडलं. बुवा खाली बघत म्हणाले, "मला काही कळत नव्हतं."

वहिनीनं ओले हात पदराला पुसले. मग तिनं समोरच्या गॅलऱ्यांकडे पाहिलं. तिला पाहून बोलणं थांबवणाऱ्या सगळ्याजणी तिथे उभ्या होत्या.

"मोठ्यानं," ती म्हणाली. "तिकडे ऐकू गेलं नाही."

बटणं आजतागायत सापडलेली नाहीत. कोणी घेतली ते मला माहीत नाही, ताईलाही माहीत नाही, आणि हे सांगताना आमची जीभ अडखळत नाही. तुमच्याकडे काही हरवलं तर शोधा, विचारा, पोलिसात जा. पण कोणी दोरा लोंबकळत ठेवून नाव सांगू लागला, तर दोऱ्याच्या टोकाकडे बघू नका. वर बघा, हात कोणाचा आहे ते. आणि ते नाव ऐकून तुम्हाला आतून बरं वाटलं, तर आधी स्वतःवर संशय घ्या.