सरूबाईचा हेडफोन

बन्सी माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढं त्याचा राग येणार आहे, आणि तो यायलाच पाहिजे असं त्याचं स्वतःचंही मत होतं.

शहरातल्या एका छोट्या रेडिओ केंद्रावर तो तंत्रज्ञ होता. छोटं म्हणजे अगदीच छोटं. एक स्टुडिओ, मधे एक काच, काचेच्या अलीकडं बन्सी आणि त्याची बटणं, पलीकडं माईकसमोर सरूबाई. रोज दुपारी तिचा ‘सरूबाईची ओसरी’ हा कार्यक्रम लागायचा. बाई पन्नाशी ओलांडलेली, शाळा जेमतेम शिकलेली, पण बोलायला लागली की पुंडलिकनगरातल्या बायका गॅस बारीक करून ऐकत बसायच्या. गंगापूरकडं या केंद्राचा रेडिओ पोचत नव्हता, तर तिकडची माणसं मोबाईलवर लावायची. केंद्र तिच्या जिवावर चाललं होतं आणि हे केंद्रप्रमुख नानासाहेब सोडून सगळ्यांना मान्य होतं.

सरूबाईला एकच त्रास होता. तिच्या कानांच्या वरच्या पाळीत सोन्याच्या बुगड्या होत्या. लग्नात आईनं घातलेल्या, नवरा गेला तेव्हाही तिनं न काढलेल्या. त्यांच्यावर हेडफोन बसला की बुगडीची फिरकी मागून डोक्यात रुतायची. कार्यक्रम संपेपर्यंत कान लालबुंद व्हायचे. म्हणून बोलता बोलता ती एका बाजूचा हेडफोन हळूच मागं सरकवायची, आणि तिनं सरकवला की नानासाहेब काचेवर टकटक करायचे.

“बुगड्या काढून ठेवत जा की तेवढा वेळ,” नानासाहेब म्हणायचे.

“तुमी मिशी काढून ठिवता का साहेब, तेवढा वेळ?” सरूबाई म्हणायची.

नानासाहेबांचंही अगदीच चूक नव्हतं. स्टुडिओतला हेडफोन पाठीमागून बंद असतो, तो उगाच नाही. आतला आवाज आतच राहावा, समोरच्या माईकला त्याचा पत्ता लागू नये, म्हणून तो तसा असतो. काचेअलीकडून साहेब बटण दाबून काही बोलले तर ते बोलणाऱ्या बाईच्या कानातच राहायला पाहिजे, गावभर जायला नको. नवीन आलेल्या प्रत्येकाला बन्सी हे पहिल्याच दिवशी शिकवायचा.

आणि बन्सीचा छंद म्हणजेच हेडफोन. औरंगपुऱ्यातल्या फारूखभाईच्या दुकानातून जुने हेडफोन उचलून आणायचे, उघडायचे, आत कापूस भर, लोकरीचा नमदा चिकटव, गाद्या बदल, असले उद्योग करायचे. बायको म्हणायची, “माझा आवाज तेवढा तुम्हाला कुठल्याच हेडफोनमधून ऐकू येत नाही.” सरूबाईचे लाल कान बघून बन्सीला एके दिवशी राहवलं नाही. सुट्टीला तो स्टुडिओतला हेडफोन घरी घेऊन गेला.

काम त्यानं मन लावून केलं. डोक्यावरची पट्टी फार आवळायची, ती ज्वारीच्या डब्यावर ताणून ठेवली आणि सैल केली. कानावरच्या रेक्झिनच्या गाद्या काढून टाकल्या, आत पिंजलेला कापूस भरला, वरून आईच्या जुन्या लुगड्याचं मऊ झालेलं कापड शिवलं, आणि जिथं बुगडी येते तिथं बोटानं दाबून दाबून खड्डा केला. सरूबाईनं घातला आणि डोकं हलवून बघितलं.

“हाय का नाय तेच कळंना,” ती म्हणाली. “बन्सीभाऊ, तुमचे हात सोन्याचे हायेत.” दुसऱ्या दिवशी तिनं त्याच्यासाठी धपाटे आणले.

इथं थांबला असता तर काही बिघडलं नसतं. पण गाद्या जाड झाल्यावर आतला आवाज घुमायला लागला. सरूबाईची काही तक्रार नव्हती. तिला फोनवरची माणसं ऐकू आली की झालं. तक्रार बन्सीची होती. त्याच्या हातचा हेडफोन आणि आवाज असा रांजणातला, हे त्याला सहन होईना. पुढच्या सुट्टीला त्यानं तो पुन्हा घरी नेला आणि पाठीमागच्या बंद झाकणांना बारीक बारीक भोकं पाडली. आतून पातळ काळं कापड चिकटवलं, म्हणजे कुणाला दिसायला नको. मग त्यावर गाणी लावून बघितली. आवाज कसा मोकळा झाला होता. तो खुर्चीत मागं रेलून बराच वेळ ऐकत बसला.

त्याला माहीत नव्हतं असं नाही. बंद हेडफोन बंद का असतो हे त्याला पुरतं माहीत होतं. पण एवढ्याशा भोकांतून असं कितीसं बाहेर जाणार, असं त्यानं मनाला समजावलं. गाणी त्यानं हळू आवाजात लावली होती. नानासाहेब बटण दाबलं की बांधावरून हाळी घातल्यासारखे ओरडतात, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. गादी सरूबाईसाठी होती. भोकं मात्र त्यानं स्वतःच्या हौसेसाठी पाडली होती, आणि पुढं त्याला जे खात राहिलं ते हेच.

गंगापूरजवळच्या वस्तीवर काकासाहेब म्हणून एक म्हातारे होते. ते सरूबाईला नेहमी फोन करायचे. त्यांची बायको भागूबाई उन्हाळ्यात वारली होती. त्या दुपारी ते अंबाडीच्या भाजीचं विचारत होते.

“ती करायची तशी जमंना,” काकासाहेब म्हणाले. “आंबट ढाण होतीया. कण्या किती घालायच्या असत्यात?”

“मूठभर घाला, भिजवून,” सरूबाई म्हणाली. “आन् वरून लसणाची फोडणी. लसूण हात राखून घालू नका.”

“घालतो.” मग ते जरा थांबले. “सरूबाई, मी अजून दोन ताटं वाढतो बघा. सवय हाय.” आणि त्यांचा आवाज फुटला.

सरूबाई काही बोलली नाही. अशा वेळी बोलायचं नसतं, हे तिला कळत होतं. पण नानासाहेबांची एक जाहिरात लागायची राहिली होती आणि ते बन्सीच्या शेजारी उभे राहून चुळबुळ करत होते. त्यांनी बटण दाबलं.

“काढा आता त्या म्हाताऱ्याला. बायको काय त्याची एकट्याचीच मेलीय?”

स्टुडिओत कुणीच बोलत नव्हतं. तरी बन्सीसमोरचा, माईकचा आवाज दाखवणारा काटा हलला. बन्सीनं तो हलताना बघितला. आवाज बारीक गेला होता, पण शब्द न् शब्द स्वच्छ गेला होता.

“असं व्हय,” काकासाहेब म्हणाले. “बरं. ठिवतो मग.”

संध्याकाळपर्यंत ते बोलणं मोबाईलमोबाईलवर फिरलं. केंद्र चालवणाऱ्या संस्थेच्या मंडळींचे फोनावर फोन यायला लागले. नानासाहेबांना घाम फुटला. बोललो ते चुकलं, हे त्यांनी मान्य केलं. पण लगेच म्हणाले, आतल्या आत माणूस हजार गोष्टी बोलतो, प्रश्न ते बाहेर कसं गेलं याचा आहे. आणि सरूबाई हेडफोन कानावरून सरकवते, हे तर ते कधीपासून ओरडून सांगत होते.

ते फोनवर हे सांगत होते, तेव्हा बन्सी सामानाच्या खोलीत हेडफोन घेऊन बसला होता. त्यानं एम-सील मळलं आणि एकेक भोक आतून बुजवलं. वरून काळा मार्कर फिरवला. आधी बुजवू, पुन्हा असं व्हायला नको, मग सावकाश सगळं सांगू, असं तो स्वतःला सांगत होता. काम मात्र त्यानं फार सफाईनं केलं. 

दुसऱ्या दिवशी संस्थेचे लोक आले. सरूबाईला हेडफोन घालून माईकसमोर बसवलं आणि नानासाहेब बटण दाबून घसा फाटेस्तोवर ओरडले. माईकचा काटा जागचा हलला नाही.

“म्हणजे हेडफोनमध्ये दोष नाही ना?” एकानं विचारलं.

सगळे बन्सीकडं बघायला लागले. सांगायची वेळ ती होती. नोकरी जाईल, नानासाहेब पोलिसात देतील, लोक तोंडात शेण घालतील, हे सगळं एकदम त्याच्या डोक्यात आलं.

“नाही,” बन्सी म्हणाला.

सरूबाईनं हेडफोन काढून मांडीवर घेतला. “मग माझ्याच हातनं सरकला असंन,” ती म्हणाली. “मला खोडच हाय ती. बन्सीभाऊनं एवढं मऊ करून दिलं, तरी माझी खोड जाईना.” तिनं बन्सीकडं असं बघितलं की जणू तिनं त्याचंच नुकसान केलं होतं.

ओसरी बंद झाली. निवेदिकेच्या निष्काळजीपणामुळं श्रोत्यांचं मन दुखावलं, तिला कामावरून कमी केलं आहे, असं केंद्रानं जाहीर केलं, आणि ते रेकॉर्डही बन्सीलाच लावायला लागलं. रोज दुपारी. लावलं की तो पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर जाऊन उभा राहायचा. घरी त्याला एकाही हेडफोनला हात लावावासा वाटेना. बायकोनं विचारलं तर तिच्यावर खेकसला. गाडी काढून तो सरूबाईच्या गल्लीपर्यंत जायचा, तिच्या दारातल्या तुळशीला पाणी घातलेलं दिसायचं, आणि तो गाडी वळवायचा. त्याला स्वतःची किळस यायला लागली होती. पण किळस आली म्हणून कुणाचं तोंड उघडतं असं थोडंच आहे.

मग एके सकाळी सरूबाई स्वतःच केंद्रावर आली. डोक्यावरचा पदर तिनं मागं घेतला. बुगड्या नव्हत्या. पाळ्या सुजलेल्या होत्या.

“फिरक्या जाम झाल्या व्हत्या,” तिनं नानासाहेबांना सांगितलं. “औरंगपुऱ्यातल्या सोनारानं कापून काढल्या. आता सरकवायचं कारणच नाय. येक डाव परत बसू द्या, साहेब. मला घरात करमंना.”

बन्सी दारात उभा होता. त्यानं सगळं ऐकलं.

नानासाहेब विरघळले. लोकांचेही फोन चालूच होते, ओसरी कधी लागणार म्हणून. अट एकच घातली. पहिल्या दिवशी काकासाहेबांना फोनवर घ्यायचं आणि सगळ्यांसमक्ष माफी मागायची. सरूबाई हो म्हणाली. तिला ते रास्तच वाटलं.

त्या दुपारी नानासाहेब संस्थेच्या मंडळींबरोबर आपल्या खोलीत रेडिओ लावून बसले. काचेजवळ बन्सी एकटाच होता. सरूबाईनं हेडफोन घातला, तो नीट कानावर बसवला, आणि बन्सीनं माईक उघडला.

“राम राम मंडळी,” ती म्हणाली. “काकासाहेब लाईनवर हायेत. काकासाहेब, त्या दिशी जे झालं ती माझी चूक व्हती. माझ्या हातनं...”

बन्सीनं बटण दाबलं.

“मावशी, तुमची चूक नव्हती,” तो हळू म्हणाला. “हेडफोनला भोकं मी पाडली होती. त्यातनं आवाज गेला. मग मीच ती बुजवली. तुमच्या हातून काहीच झालं नव्हतं.”

सरूबाई थांबली. तिचा हात कानाच्या वरच्या पाळीकडं गेला आणि हेडफोनवर आपटला. बन्सीच्या डोळ्यांना पाणी आलं. सांगून टाकलं होतं. छातीवरचा धोंडा उतरला होता, आणि ऐकलं होतं फक्त तिनं. आता ती वाक्य पुरं करेल, मग बाहेर येऊन त्याला काय बोलायचं ते बोलेल, त्यानं मान खाली घालायची. त्याला हलकं वाटलं, आणि हलकं वाटलं याचीच लाज वाटली.

“काकासाहेब, जरा थांबा,” सरूबाई माईकमध्ये म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. “आमच्या बन्सीनं मला आत्ता कानात येक गोष्ट सांगितली. ती कानात सांगायची नाय. चारचौघांत माझी अब्रू गेली, तर चारचौघांतच सांगायची. बन्सी, हिकडं ये.”

इतक्या वर्षांत तिनं त्याला पहिल्यांदाच एकेरी हाक मारली होती. त्यानं काचेतून मान हलवली. ती गप्प बसून राहिली. रेडिओ गप्प राहून चालत नाही हे तिलाही माहीत होतं, तरी बसून राहिली. शेवटी बन्सी उठला आणि जड दार ढकलून आत गेला.

सरूबाईनं खुर्ची त्याला दिली. हेडफोन काढून स्वतःच्या हातानं त्याच्या डोक्यावर घातला. बन्सीनं सगळं सांगितलं. गाद्या, भोकं, एम-सील, आणि सगळ्यांनी विचारल्यावर म्हटलेलं ते ‘नाही’. सोनारानं कापलेल्या बुगड्यांचंही सांगितलं. सांगताना त्याला हुंदका आला, तो माईकनं घेतला.



“भाऊ, चूक बाईची म्हणून तुमच्याच रेडिओनं रोज सांगितलं,” काकासाहेबांचा आवाज अगदी कानाला लागून आला. “मी त्या बाईला रोज शिव्या घातल्या. ही तोंडावर गोड बोलती आन् आत त्यांच्यासंगं हसती, असं म्हणलो. भागूच्या फोटोसमोर बसून म्हणलो. आता त्या मी माघारी कशा घेऊ, ते सांगा.”

 बन्सीनं मान वर केली. सरूबाई त्याच्यासमोर उभी होती आणि त्याच्या चेहऱ्याकडं बघत होती.

“काय म्हणत्यात रे?” तिनं विचारलं.

बाहेर साऱ्या गावानं ऐकलं होतं. तिला काही ऐकू आलं नव्हतं. भोकं त्यानं फार नीट बुजवली होती.