दोन बोटं आखूड पाय

बनशंकरीतल्या मंगल कार्यालयात त्या रविवारी खुर्ची मिळेना. नरसिंहअप्पा नावाचे गृहस्थ आखूड पाय ओढून लांब करत होते आणि इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या आयटी कंपन्यांतली शिकलीसवरली मंडळी मोबाइल उंचावून ते टिपत होती. मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझं डोकं तापलं होतं, कारण स्टेजवर माझी अहल्याआत्या बसली होती आणि गुरुवारी तिच्या डाव्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं होतं.

अप्पांनी तिच्या कमरेवर शाल पांघरली, पाय समोर उचलून टाचा धरल्या. “बघा, डावा दोन बोटं आखूड. वात अडकलाय. स्वल्प दम धरा, अक्का.” पुटपुटत त्यांनी टाचा जुळवल्या. टाळ्या पडल्या.

“बरं वाटतंय गं,” आत्या मला म्हणाली. “ऑपरेशन नको आता. सहा रविवार इथंच येईन.”

वर्षभर तिला वाकून चप्पल घालता येत नव्हती, जांघेत कळ यायची. व्यायाम, गोळ्या, सगळं करून झालं होतं. मी स्टेजवर चढले आणि आमच्याबरोबर आलेल्या शेजारच्या मंजुनाथला खुर्चीवर बसवलं. तो रोज सकाळी पळायला जातो.

“पाय कसे आहेत तुमचे?”

“सरी, बरे आहेत की, अक्का.”

मी त्याचे दोन्ही पाय जरा त्याच्या उजवीकडे नेले. डावी टाच मागे पडली. “आखूड झाला.” पाय सरळ केले. “बरा झाला. आता उजवा आखूड करू?” पाय डावीकडे नेले, उजवी टाच मागे पडली. लोक हसले. “पाय तिरके धरले की एक टाच मागे दिसते. कंबर सरळ अन् पाय तिरके, हे कळू नये म्हणून शाल.”

“तुमची श्रद्धा नाही, ताई,” अप्पा म्हणाले. “त्यांचं दुखणं गेलं ना?”

“मग चालू दे तिला.”

आत्या उठली. तिसऱ्या पावलाला तिनं खुर्चीची पाठ घट्ट धरली.

मी तिला बसवलं. “आत्या, मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या हाडातल्या वाटीत फिरतो. दोघांवर कूर्चा असते, गुळगुळीत अस्तरासारखी. तुझी झिजली, हाडावर हाड घासतंय. टाच ओढून कूर्चा परत येत नाही. ऑपरेशनमध्ये गोळा आणि वाटी नवी बसवतात.”

तिनं शाल घडी करून अप्पांना परत दिली. मग म्हणाली, “गुरुवारी उपाशीपोटी यायचं ना?”

दुखणाऱ्या माणसाला आशा लागते, हे मला कळतं. म्हणूनच त्या आशेचा धंदा करणाऱ्यांचा मला राग येतो. खुबा दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवा, त्यांना प्रश्न विचारा. चमत्कार करणाऱ्यालाही तेच प्रश्न विचारा. जो उत्तर न देता श्रद्धा मागेल, त्याच्या हातात आपला पाय देऊ नका.