सासूबाईंच्या हातचं मियोकचं सार

ते साल एकोणीसशे ब्याण्णव. बुसानच्या सासांग भागातले बुटांचे कारखाने एकामागून एक बंद पडत होते. बोंगिम ज्या कारखान्यात बुटांचे वरचे भाग शिवायची, त्यालाही त्या वसंतात कुलूप लागलं. कामं इंडोनेशियाला गेली, असं साहेबांनी सांगितलं. सांगताना तेच रडले आणि बायकांनी त्यांना पाणी दिलं.

बोंगिमचा नवरा ताएग्यू मासेमारीच्या मोठ्या जहाजावर, दोन वर्षांतून एकदा घरी यायचा. घरात शाळकरी सोंगहो आणि अधू डोळ्यांच्या सासूबाई. त्यांना तिनं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी शेजारणीकडून लेकाला पत्र लिहवून घेतलं असतं आणि तो तिकडे भर समुद्रात जिवाला घोर लावून बसला असता. बोंगिम रोज सकाळी डबा घेऊन निघायची, ती काम शोधायला.

पण शोधायचं म्हणजे नेमकं करायचं काय? लहान वयात गावच्या एका मावशीनं हाताला धरून तिला कारखान्यात बसवलं होतं. ‘मला काम द्या’ असं म्हणायची वेळ कधी आलीच नव्हती. ती खानावळींच्या दारात उभी राहायची, घसा खाकरायची आणि पुढे चालू लागायची.

शेवटी शिलाईला शेजारी बसणारी ओकनामताई चिडली.

“तुला काय कुणी मागणी घालायला येणार आहे? दार वाजव की!”

“वाजवून काय म्हणू?”

“म्हण, बोंगिम आलीय. इतक्या थाटात म्हण की त्यांना वाटलं पाहिजे, आपणच बोलावलं होतं.”

बोंगिम कितीतरी दिवसांनी हसली. ताईनंच मग टेकडीखालच्या बाळंतिणींच्या इस्पितळात चौकशी केली. तिथल्या स्वयंपाकघरात एक बाई हवी होती, गुरुवारी भेटायला बोलावलं होतं. बुधवारी ताईनं तिच्या खिशात यॉतची, म्हणजे धान्याच्या पाकाची, चिकट गोड वडी कोंबली. “जाताना तोंडात टाक. नोकरी अशीच चिकटली पाहिजे. आणि सकाळी मियोकला हात लावायचा नाही!”

“तेवढं कळतं मला, ताई.”

मियोक म्हणजे समुद्रातली ती निसरडी पानं. परीक्षेच्या दिवशी कुठलीच आई त्यांचं सार मुलाला देत नाही. ते खाल्लं की हाताशी आलेलं घसरतं, हे सगळ्यांनाच ठाऊक.

गुरुवारी बोंगिमला जाग आली ती तिळाच्या तेलाच्या वासानं. सासूबाई चुलीपाशी उभ्या होत्या. कित्येक वर्षांत त्या तिकडे फिरकल्या नव्हत्या.

“ये, बस. आज तिथीनं तुझा वाढदिवस.”

समोर वाडगा आला. मियोकचं गरम सार.

या साराशिवाय वाढदिवस होत नाही. नवऱ्याचा, लेकाचा, सासूबाईंचा, सगळ्यांचे वाढदिवस तिनं हे सार करून साजरे केले होते. तिचा स्वतःचा कारखान्याच्या भोंग्यात विरून जायचा. माहेर सुटल्यापासून तिच्यापुढे हा वाडगा कुणी ठेवला नव्हता.

“बघत काय बसलीस? मीठ चुकलंय का? डोळे गेलेत माझे, जीभ शाबूत आहे.”

पोट दुखतंय म्हणता आलं असतं. खिशातली वडी मांडीला टोचत होती. ही नोकरी हातची निसटली तर पुढच्या महिन्यात सगळं सांगावंच लागणार होतं. पण वाफेमागचा तो म्हातारा चेहरा इतका आतुर होता! बोंगिमनं वाडगा उचलला, तळ दिसेपर्यंत प्यायली आणि आणखी मागितलं. वडी तिनं खाल्लीच नाही. तोंडातली ती चव तिला घालवायची नव्हती.

इस्पितळात आणखी चार-पाच बायका आल्या होत्या. मुख्य स्वयंपाकीण गूबाईंनी प्रत्येकीपुढे भिजवलेल्या मियोकचं पातेलं ठेवलं. “बाळंतिणींना तिन्ही वेळा हेच लागतं. करा.”

बोंगिमला हसावं की रडावं कळेना. घरी ती हे सार नेहमी घाईघाईनं उरकायची आणि मागून सासूबाईंचा पाढा चालायचा: “चोळ, अजून चोळ, फेस जाईतो चोळ. लसूण कशाला घालतेस? आच कमी कर.” आज तिनं तो पाढा पहिल्यांदा मनापासून ऐकला.

गूबाईंनी चव घेतली. “किजांगच्या किनाऱ्याची तू? मियोक असं तिकडच्याच बायकांना जमतं.”

“मी नाही, सासूबाई.”

“त्या यायला मोकळ्या नसतील, तेव्हा तूच ये सोमवारपासून. सकाळी काही खाल्लंयस का?”

“मियोकचं सार. दोन वाडगे.”

स्वयंपाकघरातल्या बायका डोळे पुसत हसल्या.

घरी आल्यावर तिनं सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला.

“अशा दिवशी मी तुला मियोक घातलं? आणि तू मुकाट्यानं प्यायलीस, वेडे?”

“तुम्ही केलं होतंत, आई.”

म्हातारीनं चाचपडत तिची बाही धरली. “कारखाना गेला ते मला ठाऊक होतं. तुझ्या अंगाला त्या बुटांच्या डिंकाचा वास येईनासा झाला. म्हटलं, बिचारी रोज थंड डबा घेऊन कुठं भटकत असेल. आज निदान गरम खाऊन जाऊ दे.”

बोंगिमनं त्यांचे हात हातात घेतले. त्यांना तिळाच्या तेलाचा वास होता.

ताएग्यू पुढे जहाज सोडून घरी आला आणि बंदरावर जाळी दुरुस्त करू लागला. ओकनामताईनं नूडल्सची गाडी टाकली. गुडघ्यांनी साथ सोडेपर्यंत चालवली. सासूबाई सात वर्षांनी गेल्या. त्यांच्या श्राद्धाच्या पानात मियोकचं सार मांडायची रीत नाही, पण बोंगिम एक वाडगा बाजूला ठेवतेच. ती स्वतः साठीपर्यंत इस्पितळात कामाला होती. त्या टेकडीखालच्या किती बाळंतिणी तिच्या सारावर उठल्या, देव जाणे. सोंगहोची बायको त्यांतलीच एक.

गेल्या वर्षी नात विद्यापीठाच्या परीक्षेला बसली. त्या सकाळी बोंगिमनं तिला यॉतची वडी दिली आणि मियोकचा डबा फळीवर पार मागे सरकवला. एवढं सगळं होऊनही! पण नातीच्या वाढदिवसाला ती पहाटे उठते आणि फेस जाईतो चोळत बसते.