चौदा सेंटिमीटरचा प्रवास

१२ मार्च, सोमवार. सकाळपासून ढगाळ, दुपारी दुकानाचं दार आपटेल इतका वारा.

मी शिंप्याच्या गळ्यातली टेप बोलतेय. अकरा वर्षं मास्तरांच्या गळ्यात आहे. माझे पहिले तीन आकडे घामाने पुसट झालेत. छात्या, कमरा, पडदे, एकदा तर पाहुण्यांचं तान्हं बाळही मोजलं. आजवर मला कुणी खोटं ठरवलं नव्हतं.

मास्तरांची मोठी बहीण दूरच्या शहरात राहते. गुरुवारी दुपारी चारला तिच्या हृदयाचं ऑपरेशन. "आत नेण्याआधी एकदा तुझं तोंड दिसू दे," एवढंच ती फोनवर म्हणाली होती.

मास्तरांनी नकाशा कापायच्या टेबलावर पसरला आणि मला दोन शहरांवर ताणलं. चौदा सेंटिमीटर. एका सेंटिमीटरला दोनशे किलोमीटर, म्हणजे अठ्ठावीसशे. विमान तासाला सातशे जातं, असं शेजारच्या तिकीटवाल्याने सांगितलं होतं. म्हणजे चार तास!

"मग अकरा दहाचं विमान घेऊ," मास्तर म्हणाले. "तीन दहाला पोचतो. सकाळी वकिलांच्या कोटाची ट्रायलही उरकेल."

तिकीटवाला कागद घेऊन आला. त्यावर पोचायची वेळ होती पाच दहा.

"सहा तास?" मास्तर उसळले. "टेपने मोजलंय मी! वाटेत चहाला थांबतं का तुमचं विमान?"

"मास्तर, चारच तास लागतात. पण तिथली घड्याळं दोन तास पुढे असतात."

"मग मागे करा म्हणावं त्यांना!"

मालकीणबाईंनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोने, कपाळाला हात लावला. "अहो, वाद कसला घालताय? ताईंनाच विचारा ना, किती वाजलेत."

फोन लागला. "पाच वाजून गेले की रे, छोट्या. का?"

आमच्या भिंतीवर नुकते तीन वाजले होते. मास्तरांनी खिडकीत जाऊन ढगांत सूर्य शोधला, परत येऊन मला पुन्हा ताणलं. चौदाच!

मीही चक्रावले. मधले दोन तास गेले कुठे? नकाशाच्या घडीत तर नव्हते. माझ्या अंगावर त्यांच्यासाठी एकही रेघ नाही. माणसांनो, माझ्यावर भरवसा जरूर ठेवा, पण कापडापुरता.

मास्तरांनी नकाशाची घडी घातली.

"मला काही उमगत नाही," शेवटी ते म्हणाले. "पण चार वाजायचेत ते ताईच्या घड्याळात. नऊ दहाचं तिकीट द्या. वकिलांना सांगतो, कोट मी परत आल्यावर."

१५ मार्च, गुरुवार. निघायच्या गडबडीत मास्तर मला गळ्यातून काढायचं विसरले, म्हणून मीही विमानात बसले. विमान तिथल्या घड्याळात तीन दहाला उतरलं. तीन एक्कावन्नला आम्ही ताईच्या खाटेजवळ होतो. बरोबर चारला तिला आत नेलं. भावाबहिणीला नऊ मिनिटं मिळाली.