निरोप्या हत्ती

मी एक कापडी हत्ती. शिवणकाम करणाऱ्या आत्याने उरल्यासुरल्या तुकड्यांतून मला उभं केलं. घाईत एक पाय आखूड राहिला, म्हणून मी कायम कोणाला तरी टेकलेला. आत्याने मला भाचीच्या मांडीवर टेकवलं आणि म्हणाली, "घे गं चिमे, तुझा हत्ती."

चिमी तेव्हा दीड वर्षाची होती. मला फरफटत न्यायची, माझी सोंड चोखायची, घरभर बडबडायची. आईबाबा ऐकून हसायचे. सुखाचे दिवस होते हो ते.

मग आईबाबांचं बिनसलं. कशावरून, मला ठाऊक नाही. हत्तीला कोण सांगतं? भांडण परवडलं असतं, पण या दोघांनी अबोला धरला. एकाच टेबलावर जेवताना आई म्हणायची, "चिमे, बाबांना सांग, दूध संपलंय." बाबा म्हणायचे, "आईला सांग, मला दिसतंय." अडीच वर्षांची पोर घास तोंडात तसाच धरून निरोप पोचवायची. वर "किती शहाणी गं माझी बाई!" म्हणून तिचे गालगुच्चे. तेव्हा मला दोघांचाही राग आला. अजून आहे.

मुलं बघून शिकतात. चिमीने मला मध्ये घातलं. "हत्ती, आईला सांग, पाणी हवं." आईला त्याचं कौतुक वाटलं. माझी सोंड हलवून, जाडा आवाज काढून तिने उत्तर दिलं. बाबांनीही तेच केलं. हळूहळू पोरगी कोणाशीच थेट बोलेनाशी झाली, आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

आज दुपारी तिचं बोट कपाटाच्या दारात चेमटलं. नख काळंनिळं झालं. दुसरं लेकरू "आई गं" करून धाय मोकलून रडलं असतं. हिचे डोळे भरले, आवाज मात्र नाही. मला छातीशी धरून ती म्हणाली, "हत्ती, आईला सांग, दुखतंय."

माझा जीव तुटला. आई स्वयंपाकघरात आहे, दहा पावलांवर. बाबा पलीकडच्या खोलीत काम करताहेत.

तिने थोडी वाट पाहिली. मग म्हणाली, "बरं, बाबांना सांग."

अहो आईबाबा, भांडा, हवं तर वेगळे व्हा, पण तोंडाने बोला. मला माळ्यावर टाका, मी रागावणार नाही. आधी इकडे या. बोट सुजत चाललंय, आणि ती माझ्याकडे बघून हळूच विचारतेय,

"सांगितलंस?"